आकडा माणसाचा की घराचा?

लैंगिक गुन्हा केलेला माणूस पुन्हा त्याच वाटेने जाईल का, हे ओळखायचे कसे? इंग्लंड, स्कॉटलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथले तुरुंग, इस्पितळे आणि पॅरोल मंडळे यांच्या व्यवहारात गेली पंचवीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले आहे: स्कोअर काढा. आणि तो माणूस बौद्धिक अक्षमता असलेला असेल तर? तरीही तोच तक्ता, तेच गुण, तोच निष्कर्ष. हे मत मला चुकीचे वाटते. पण ते उथळ नाही, त्यामागे चांगली डोकी आणि मोठे कष्ट आहेत. म्हणून आधी पूर्वपक्षाला त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी बोलू द्यावे.

पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक छोटेखानी पुस्तक लिहून आपल्या व्यवसायबंधूंची झोप उडवली. मुलाखत घेऊन, माणूस न्याहाळून, अनुभवाच्या जोरावर डॉक्टर जे भाकीत करतात, त्यापेक्षा काही मोजक्या नोंदींची सरळ बेरीज बहुधा सरस ठरते, निदान कमी तरी ठरत नाही, असा त्याचा दावा होता. पुढच्या अर्धशतकात तो वारंवार तपासला गेला आणि टिकला. याच परंपरेत कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि इंग्लंडचे डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये 'स्टॅटिक-९९' तयार केले. प्रश्न दहा, आणि जवळजवळ सगळ्यांची उत्तरे फाइलमधून मिळणारी. सुटकेच्या वेळचे वय, पूर्वीचे लैंगिक गुन्हे, पूर्वीच्या शिक्षा, सोबत मारहाण होती का, पीडित व्यक्ती नात्यातली की बाहेरची, ओळखीची की अनोळखी, पुरुष की स्त्री, आणि गुन्हेगार कधी कोणा जोडीदारासोबत सलग दोन वर्षे राहिला आहे का. पुढे वयाचे गुण बदलून 'स्टॅटिक-९९आर' आले. त्यात एकूण गुण उणे ३ पासून १२ पर्यंत जाऊ शकतात. जगात लैंगिक गुन्हेगारांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन हेच.

आता बौद्धिक अक्षमतेचा प्रश्न. स्कॉटलंडमधले मानसशास्त्रज्ञ बिल लिंडसे यांनी आपली कारकीर्द या एका विषयाला वाहिली होती. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कडेकोट बंदोबस्ताचे इस्पितळ, मध्यम बंदोबस्ताचे केंद्र आणि समाजात राहणारे, अशा तिन्ही ठिकाणच्या बौद्धिक अक्षमता असलेल्या २१२ गुन्हेगारांवर प्रचलित साधने लावून पाहिली. पुढच्या लैंगिक घटनांच्या बाबतीत स्टॅटिक-९९ ची भाकीतक्षमता ०.७१ भरली. सर्वसाधारण गुन्हेगारांमध्येही ती साधारण याच घरात असते. पूर्वपक्षाच्या हातात आणखी एक अस्त्र आहे. लिअम क्रेग आणि रॉजर हचिन्सन यांनी २००५ मध्ये उपलब्ध अभ्यासांची तुलना करून दाखवले की, बौद्धिक अक्षमता असलेल्या लैंगिक गुन्हेगारांचे पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत दोन वर्षांत ६.८ पट आणि चार वर्षांत ३.५ पट आहे. म्हणजे साधन चालते, आणि धोका तर जास्तच. मग या लोकांसाठी वेगळी मोजपट्टी मागणे ही भाबडी करुणा नव्हे का, आणि तिची किंमत पुढची पीडित व्यक्ती मोजणार नाही का?

हा प्रश्न टोचतो आणि टोचायलाच हवा. शिवाय इतिहासही पूर्वपक्षाच्याच बाजूने साक्ष देतो. आकड्यांच्या आधी काय होते? डॉक्टरांची नजर होती. मॅसॅच्युसेट्समधल्या वेव्हर्ली इथल्या संस्थेचे अधीक्षक वॉल्टर फर्नाल्ड यांनी १९१२ च्या सुमारास मंदबुद्धी माणूस म्हणजे संभाव्य गुन्हेगारच, असे ठासून सांगितले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने मेंटल डेफिशियन्सी अॅक्ट संमत करून 'नैतिकदृष्ट्या जडबुद्धी' असा एक वर्गच कायद्यात निर्माण केला. त्या नावाखाली हजारो स्त्री-पुरुष वर्षानुवर्षे कोंडले गेले. १९५९ च्या मेंटल हेल्थ अॅक्टने ती चौकट मोडीत काढेपर्यंत हे चालू होते. फर्नाल्ड यांचे कौतुक एवढ्यासाठी की, वेव्हर्लीतून पंचवीस वर्षांत सुटलेल्या लोकांचे पुढे काय झाले याची त्यांनी चौकशी केली, ती १९१९ मध्ये छापली आणि आपले जुने मत सोडून दिले. सल्ला डावलून घरी नेलेल्यांपैकी बरेच जण निमूटपणे नांदत होते. तेव्हा डॉक्टरी नजरेला वेसण घालणारी बेरीज ही सुधारणाच होती, हे मी मान्य करतो. माझे भांडण बेरजेशी नाही, ती वाचण्याच्या पद्धतीशी आहे.

त्या ०.७१ पासूनच सुरुवात करू, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. पुढे गुन्हा केलेला एक माणूस आणि न केलेला एक माणूस अशा जोड्या लावल्या, तर शंभरातल्या सुमारे एकाहत्तर जोड्यांत गुन्हा करणाऱ्याचा स्कोअर जास्त निघतो, एवढाच या आकड्याचा अर्थ. तो ०.५ असता तर छापा-काटा, १ असता तर ब्रह्मज्ञान. म्हणजे हा आकडा फक्त क्रम सांगतो: अ हा ब पेक्षा वर की खाली. अ पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता शंभरात पाच आहे की चाळीस, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आता समजा, एखाद्या गटातल्या प्रत्येकाच्या स्कोअरमध्ये दोन गुण फुकट मिळवले. क्रम तसाच राहील, ०.७१ चे ०.७१ राहील. पण 'सरासरी' गटातला माणूस उचलून 'सरासरीहून अधिक' गटात पडेल. अभ्यास म्हणेल की साधन उत्तम चालले आहे आणि निकाल मात्र सगळ्यांचाच चुकलेला असेल.

ही केवळ तर्काची कसरत नाही. साधनाचे कर्ते स्वतःच इथपर्यंत आले आहेत. हॅन्सन, थॉर्नटन आणि लेस्ली हेल्मस यांनी २०१२ मध्ये २३ नमुन्यांतल्या ८,१०६ गुन्हेगारांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसले की क्रम लावण्याची क्षमता बऱ्यापैकी स्थिर राहते, पण एकाच स्कोअरच्या माणसांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रत्यक्ष प्रमाण नमुन्यागणिक खूप बदलते. सुरुवातीच्या तक्त्यात ६ किंवा त्याहून अधिक गुणांना पंधरा वर्षांत ५२ टक्के असा धोका लिहिला होता. पुढच्या नमुन्यांत तो फुगलेला निघाला आणि तक्ते नव्याने करावे लागले. सर्वसाधारण गुन्हेगारांच्या बाबतीत ही गत, तर ज्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता नाही त्यांच्या स्कोअरसमोर टक्केवारी लिहिणाऱ्याने ती कुठल्या आधारावर लिहिली, हे विचारायला नको?

हे फुकटचे गुण येतात कुठून? दोन काल्पनिक माणसे घेऊ, दोघांचेही वय तीस. पहिला शाळा संपल्यापासून फक्त पुरुषांच्या केअर होममध्ये राहतो. त्याने तिथल्याच एका रहिवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध नको तिथे हात लावला. पोलिसांत कोणी गेले नाही, व्यवस्थापकाने त्याला दुसऱ्या घरात हलवले. दुसरा आठ वर्षे विवाहित, नोकरीत असलेला. त्याने आपल्या सख्ख्या पुतणीवर अत्याचार केला आणि न्यायालयात दोषी ठरला. आता स्टॅटिक-९९आर लावू.

दुसऱ्याला वयाचा १ गुण मिळतो. जोडीदारासोबत राहिला आहे, म्हणून तिथे शून्य. पीडित नात्यातली, शून्य. ओळखीची, शून्य. मुलगी, म्हणून 'पुरुष पीडित' याचेही शून्य. बेरीज १, वर्ग 'सरासरी'.

पहिल्यालाही वयाचा १. जोडीदारासोबत दोन वर्षे कधी राहिला नाही, १. पीडित नात्यातला नाही, १. पीडित पुरुष, १. बेरीज ४, वर्ग 'सरासरीहून अधिक'. आणि न्यायालयात खटलाच झाला नाही त्याचे काय? स्टॅटिक-९९ च्या नियमपुस्तिकेत त्याची सोय आहे. विकासात्मक अक्षमता असलेल्या आणि संस्थेत राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत, लैंगिक गैरवर्तनामुळे झालेली अनौपचारिक कारवाई, अगदी राहण्याची जागा बदलणेसुद्धा, आरोप आणि दोषसिद्धी या दोन्हींच्या जागी धरायची आहे. म्हणजे याआधी एकदा अशीच बदली झाली असेल तर 'पूर्वीचा लैंगिक गुन्हा' म्हणून आणखी १. झाले ५. ना वकील, ना साक्षीपुरावा, ना अपील. व्यवस्थापकाने सामान दुसऱ्या घरी हलवले की आयुष्यभराची दोषसिद्धी!

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. या लोकांचे गुन्हे एरवी नोंदवलेच जात नाहीत, ते सुटू नयेत, ही त्यांची काळजी रास्त होती. पण परिणाम बघा. सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत 'कधी कोणासोबत संसार केला नाही' ही नोंद त्याच्या स्वभावाबद्दल काही सांगते. जवळीक जमत नाही, नाते टिकत नाही, असे. केअर होममधल्या माणसाच्या बाबतीत ती घराच्या नियमांबद्दल सांगते. ज्याला स्वतःच्या खोलीत पाहुणी बोलवायची मुभा नव्हती, त्याने दोन वर्षे कोणासोबत राहायचे? पीडित नात्यातला नाही, कारण घरात नातेवाईक नाहीतच. पीडित पुरुष, कारण घर पुरुषांचे. चारातले तीन गुण त्याला पत्त्यामुळे मिळाले आहेत. आणि शेजारच्या पलंगावरच्या माणसालाही यातला निदान एक गुण काहीही न करता तयारच आहे. मघाशी म्हटले ते सरसकट मिळवलेले गुण हेच.

चूक एकाच दिशेला जाते असेही नाही. केअर होमऐवजी कुटुंबात राहणारा माणूस घ्या. शेजारच्या मुलीशी काही केले, दोन्ही घरच्यांनी मिटवले, पोलीस म्हणाले 'याला काय कळतंय, कोर्टात उभा राहणार नाही.' फाइल कोरी राहते, स्कोअर खाली राहतो, आणि तो माणूस ज्या कार्यशाळेत किंवा दिवसकेंद्रात जातो तिथल्या मुलींना त्या कोऱ्या फाइलचा काही उपयोग नसतो. संस्थांमधल्या अशा घटनांत पीडित व्यक्तीही बऱ्याचदा बौद्धिक अक्षमता असलेलीच असते. म्हणून चुकीच्या मोजमापाविरुद्ध बोलणे म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणे, हा आरोप मला लागू होत नाही. एकाच चुकीत दोघेही भरडले जातात.

आता ते ६.८ पट. हे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांतल्या आकड्यांची इतरांच्या सरासरीशी तुलना करून आलेले आहे, एकाच ठिकाणी सारख्या पद्धतीने मोजलेल्या दोन गटांमधून नव्हे. दोन वर्षांनंतर ६.८ आणि चार वर्षांनंतर ३.५, म्हणजे काळ वाढला तसे अंतर निम्म्यावर आले. या माणसांचे पुन्हा घडलेले गुन्हे लवकर घडतात किंवा निदान लवकर पकडले जातात, हे त्याचे एक साधे स्पष्टीकरण आहे. पकडले जाणे हा इथे कळीचा मुद्दा. चलाख माणूस बंद दाराआड, धमकावून, वर्षानुवर्षे गुन्हा करतो. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस अनेकदा कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत करतो आणि विचारले की कबूलही करतो. कधी न केलेलेही कबूल करतो! प्रश्न कळला नाही की 'हो' म्हणून मोकळे होण्याची ही सवय कॅरल सिगेलमन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिली होती. चोवीस तास कर्मचाऱ्यांच्या नजरेखाली असलेला माणूस आणि सुटून आपल्या फ्लॅटवर एकटा राहणारा माणूस यांच्या नोंदींची तुलना करून एकाला सातपट धोकादायक म्हणणे मला पटत नाही. खुद्द लिंडसे यांच्या स्कॉटलंडमधल्या सेवेत उपचार घेतलेल्या ६२ पुरुषांपैकी पहिल्या वर्षात ४ टक्के आणि चार वर्षांत २१ टक्के जणांनी पुन्हा गुन्हा केला होता. हॅन्सन आणि मोनिक ब्युसिएर यांच्या १९९८ च्या मोठ्या संकलनात सर्वसाधारण लैंगिक गुन्हेगारांचे चार-पाच वर्षांतले प्रमाण १३.४ टक्के आहे. फरक आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो सातपट नाही. शिवाय एका बाजूच्या नोंदी जास्त बारकाईने ठेवलेल्या.

इथवर वाचून दुसऱ्या तंबूत टाळ्या वाजल्या असतील. 'त्याला कळतच नाही हो, लहान मूल आहे ते' असे म्हणणाऱ्यांचाही एक पक्ष आहे. त्याला विद्वत्तेचा आधारही मिळाला. डेव्ह हिंग्सबर्गर, डोरोथी ग्रिफिथ्स आणि व्हर्नन क्विन्सी यांनी १९९१ मध्ये अशी मांडणी केली की, या माणसांचे विकृत दिसणारे वर्तन पुष्कळदा वरवरचेच विकृत असते. मागे असते लैंगिक शिक्षणाचा अभाव, खासगी जागेचा अभाव, कडक मनाई, चुकीचे धडे. मांडणी मोलाची होती, तिने अनेकांना विनाकारण 'विकृत' ठरण्यापासून वाचवले. पण तिचे सरसकट सूत्र झाले आणि तिथे ती फसली. अमांडा मिची, लिंडसे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तपासले, तेव्हा लैंगिक गुन्हा केलेल्या पुरुषांचे लैंगिक ज्ञान गुन्हा न केलेल्या तशाच पुरुषांपेक्षा कमी नव्हे, उलट जास्त निघाले. अज्ञान हे सर्वांचे कारण असते तर उलटे दिसायला हवे होते. काही जणांना नीट कळते आणि तरी ते करतात. मुलांकडे ओढ असलेले, संधी हेरणारे, सोपे सावज शोधणारे पुरुष या गटातही आहेत. त्यांना बाळ समजणे हा त्यांचाही अपमान आहे आणि त्यांच्या सावजांशी द्रोह.

मग मोजायचे काय? माझ्या मते, माणूस आणि त्याच्याभोवतीची व्यवस्था दोन्ही, आणि वेगवेगळी. ही कल्पना माझी नाही. डग्लस बोअर, जेम्स हेवन आणि इतरांनी २००४ पासून विकसित केलेल्या 'आर्मिडिलो-एस' या साधनात ती प्रत्यक्ष आली आहे. हेवन यांनी त्याआधी ऑरेगॉनच्या सरकारी मनोरुग्णालयात याच लोकांसाठी उपचारकार्यक्रम चालवला होता. 'जुना मी, नवा मी' अशी सोपी चौकट त्यातूनच आली, तेव्हा साधनामागे वॉर्डातला अनुभव आहे. या साधनात माणसाबद्दलच्या बाबी आहेतच: देखरेख मानतो का, लैंगिक ओढ कशाकडे, मन किती त्यातच गुंतलेले, राग आणि एकटेपणा कसा पेलतो, दारू. पण त्यांच्या जोडीला कर्मचारी आणि परिसर यांचा स्वतंत्र भाग आहे. कर्मचाऱ्यांचा या माणसाकडे बघण्याचा दृष्टिकोन काय? त्यांना याची नेमकी माहिती आहे का? एका पाळीने दुसरीला निरोप दिला का? नियम सोमवारी एक आणि शनिवारी दुसरा असे होते का? अलीकडे देखरेख बदलली का, एखादे जवळचे माणूस सोडून गेले का, नवे कोणी कमजोर माणूस घरात राहायला आले का? आणि प्रत्येक बाबतीत धोका किती हे लिहायचे, तसेच राखण किती हेही लिहायचे.

कोणत्याही निवासी संस्थेत काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही. सहा वर्षे शांत असलेला माणूस अचानक का बिघडला, याचे उत्तर त्याच्या डोक्यात शोधण्याआधी ड्युटी रजिस्टर बघावे. त्याला ओळखणारी काळजीवाहक नोकरी सोडून गेली, जागी एजन्सीची रोज नवी माणसे आली, रात्री तिघांऐवजी एक जण. सर्वसाधारण माणसाचा दिवस तो स्वतः आखतो, या माणसाचा दिवस इतर जण आखतात. मग धोका फक्त त्याच्या खात्यावर कसा लिहायचा?

पूर्वपक्ष इथे हमखास विचारतो: पुरावा? रेचेल लॉफ्टहाउस, लिंडसे आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात ६४ पुरुषांवर आर्मिडिलो-एसची भाकीतक्षमता ०.९२ निघाली, स्टॅटिक-९९ ची ०.७५. हा आकडा झेंड्यासारखा फडकवणारे मी पाहिले आहेत आणि मला तो मोह टाळायचा आहे. ६४ माणसे म्हणजे फार थोडी, आणि लेखकांत बोअर आणि हेवन, म्हणजे साधनाचे कर्तेच आहेत. जनीन ब्लॅकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात निकाल इतके चमकदार नव्हते. तिथे त्यातल्या त्यात चांगले भाकीत केले ते झपाट्याने बदलणाऱ्या, 'आत्ता काय चालले आहे' या प्रकारच्या बाबींनी. मला त्या ०.९२ पेक्षा हा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. शिवाय माझे म्हणणे या एका साधनावर उभे नाही. उद्या आर्मिडिलो मोडीत निघाले तरी पुरुषांच्या घरात राहणाऱ्याला पुरुष पीडिताचा गुण पत्त्यामुळे मिळतो, हे बदलणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: परिसर, दृष्टिकोन, निरोप असल्या बाबी मोजायला लागलात की मागच्या दाराने डॉक्टरी नजर परत आली, आणि मीलने तिला हाकलले ते वायाच गेले. तसे नाही. बाबी आधी ठरलेल्या आहेत, प्रत्येकीसाठी काय बघायचे ते लिहिलेले आहे, दोन जणांनी स्वतंत्रपणे भरून ताळा करता येतो. आणि मोठा फरक हा की, या बाबी खोट्या ठरवता येतात. 'रात्री एकच कर्मचारी असतो' हे विधान चूक असेल तर रजिस्टर दाखवून खोडता येते, बरोबर असेल तर दुसरा नेमून बदलता येते. 'तो कधी कोणासोबत राहिला नाही' या गुणाचे कोणी काय करायचे? तो चाळिशीला पोचेपर्यंत थांबायचे, मग वयाचे गुण उतरतील!

थांबवून ठेवणे ही इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात घडलेली गोष्ट आहे. २००५ ते २०१२ या काळात तिथे 'सार्वजनिक संरक्षणासाठी' बेमुदत कारावास देण्याची तरतूद होती. किमान मुदत संपली की धोका कमी झाल्याचे पॅरोल मंडळाला पटवून द्यायचे, तरच सुटका. पटवायचे कसे? उपचारवर्ग पूर्ण करून. आणि लैंगिक गुन्हेगारांच्या मुख्य वर्गाची प्रवेशाची अट बुद्ध्यांक साधारण ८० च्या वर. त्याखालच्यांसाठीचा सोपा वर्ग थोड्याच तुरुंगांत. वर्गाला प्रवेश नाही, म्हणून धोका कमी झाल्याचा कागद नाही, म्हणून सुटका नाही. वेगळ्या प्रकारच्या गुन्ह्यातल्या एका कैद्याने ही कोंडी न्यायालयात नेली, आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने हा अपंगत्वामुळे झालेला भेदभाव आहे असा निर्णय दिला. पुढची गंमत अशी की, २०१७ मध्ये ब्रिटिश न्याय मंत्रालयाने त्याच मुख्य वर्गाचे मूल्यमापन छापले, तर वर्ग केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी आणि न केलेल्या तशाच कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. वर्ग बंद झाला. ज्या दारात या माणसांना अडवून ठेवले होते, त्या दाराआड फारसे काही नव्हते.

एका गटावर बेतलेली मोजपट्टी दुसऱ्याला लावताना सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, यावर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये इवर्ट खटल्यात निकाल दिला. तक्रारदार मेटी या आदिवासी समाजाचा कैदी होता. स्टॅटिक-९९ धरून पाच साधने आपल्यासारख्यांवर तपासलेली नाहीत, तरी तुरुंग खाते ती वापरते, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने साधने चूक ठरवली नाहीत आणि मूलभूत हक्कांचा भंगही मानला नाही. पण माहिती अचूक असल्याची वाजवी काळजी घेणे हे खात्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि शंका वर्षानुवर्षे कानावर येऊनही खात्याने तपासले नाही, हा कर्तव्यभंग आहे, असे स्पष्ट सांगितले. बौद्धिक अक्षमतेला हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. 'चुकीचे आहे हे तुम्ही दाखवा' असे कैद्याला सांगून भागणार नाही. 'बरोबर आहे हे आम्ही तपासले' असे वापरणाऱ्याने म्हणता आले पाहिजे.

हे सगळे आपल्यापासून दूरचे वाटेल, पण ते फार दिवस दूर राहणार नाही. भारतात २० सप्टेंबर २०१८ ला लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, तेव्हाच तिच्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन मागवायला सांगितले, कारण तो सुधारू शकेल का हे ठरवायचे आहे. म्हणजे भाकिताची मागणी आली. स्टॅटिक-९९आर ची नियमपुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. मागणी आणि फुकट साधन यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

वास्तविक, परकी मोजपट्टी आणून चालत नाही हे मराठी मुलखाच्या वेशीवर फार आधी कळलेले होते. १९३० च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांवर नव्याने बेतली, प्रश्न बदलले, इथल्या मुलांवरून वयाची प्रमाणे ठरवली. बिने-कामत चाचणी त्यानंतर कित्येक दशके आपल्या दवाखान्यांत वापरली गेली. नागपूरला फादर मालिन यांनी पुढे तेच काम मुलांच्या बुद्धिमापनाच्या आणि सामाजिक परिपक्वतेच्या चाचण्यांबाबत केले. मुलाला विशेष शाळेत घालायचे की नाही एवढे ठरवण्यासाठी ज्यांनी इतकी खातरजमा केली, त्यांच्याच मुलखात माणसाला किती वर्षे कोंडायचे हे ठरवताना कॅनडा आणि इंग्लंडमधल्या कैद्यांवर बेतलेला तक्ता चालवून घेणे विचित्र ठरेल.

असा अहवाल उद्या एखाद्या जिल्हा न्यायालयात सादर झाला, तर बचाव पक्षाच्या वकिलाने आणि सरकारी वकिलानेही तज्ज्ञाला विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. ही टक्केवारी कोणत्या देशातल्या कोणत्या कैद्यांवरून काढली? त्यांत बौद्धिक अक्षमता असलेले किती होते? या स्कोअरमधला कोणता गुण याच्या वागण्यामुळे आला आणि कोणता तो राहत होता त्या जागेमुळे? यापूर्वीची कोणती घटना कोणाच्या सांगण्यावरून धरली, आणि याने कबुली दिली तेव्हा त्याला प्रश्न कळला होता हे कशावरून? सुटल्यावर हा कुठे राहील, त्या घरात आणखी कोण आहे, आणि रात्रपाळीला कोण असेल?